नाईलकाठी जाण्यापूर्वी

सव्वा वर्षापूर्वीच्या डिसेंबरातील एका संध्याकाळची ही हकीकत आहे. नागपूरची थंडी ऐन भरात होती. नंदनवनातील माझ्या दवाखान्यात बाकावर बसलेली मंडळी स्वेटर-मफलरमध्ये गुरफटली होती. सर्दी-खोकल्याची गर्दी ओसरल्यावर सर्वांत शेवटी एक बाई आत आल्या. वय सहासष्ट, निवृत्त शिक्षिका. मी त्यांना काकू म्हणतो. येथेही तसेच म्हणू. त्यांच्या संमतीनेच हे लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील तेवढे वगळले आहेत.

अकरा वर्षांपूर्वी काकूंच्या यजमानांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणे अडखळू लागले. तेव्हापासून काकू दर महिन्याला न चुकता माझ्याकडे येतात. काकांचा रक्तदाब, काकांची साखर, काकांच्या टाचेवर उमटलेला लालसर डाग, सारे त्यांना तोंडपाठ असते. कोणती गोळी पिवळी, कोणती अर्धी करून द्यायची, कोणती दुधाबरोबर चालत नाही, हे त्या माझ्याआधी सांगतात.

त्या दिवशी मात्र त्यांच्या हातात काकांचे कागद नव्हते.

"डॉक्टरसाहेब, आज यांच्यासाठी आले नाही. जानेवारीत नऊ दिवसांची सहल आहे, इजिप्तची. आम्ही सगळ्या बायकाच आहोत, बारा जणी. या कागदावर तुमची सही हवी."

तो प्रकृती ठणठणीत असल्याचा दाखला होता. तीस वर्षे इतिहास-भूगोल शिकवताना काकूंनी फळ्यावर खडूने नाईल नदी कितीदा काढली असेल कोण जाणे! ती एकदा डोळ्यांनी पाहावी, एवढीच त्यांची इच्छा होती. मी पेनाचे टोपण काढले. इतक्या वर्षांत ही बाई कधी आजारी पडलेली मला आठवत नव्हती. सवयीने कंपाउंडरला म्हणालो, "काकूंची फाइल दे."

तो कपाटाशी दोन मिनिटे घुटमळला आणि म्हणाला, "सर, काकांची आहे. काकूंची फाइलच नाही."

अकरा वर्षांत शंभराहून अधिक वेळा ज्या बाई माझ्यासमोर बसल्या, त्यांच्या दंडाला मी एकदाही रक्तदाबाचा पट्टा बांधला नव्हता. त्या कधी मागे लागल्या नाहीत, हे खरे. पण विचारण्याचे काम माझे होते. मी पेनाला टोपण लावले आणि पट्टा हातात घेतला.

रक्तदाब १७२/१०० भरला. बोटातून काढलेल्या रक्तातील साखर २२० च्या पुढे. मग मी प्रश्न विचारू लागलो. जिने चढताना दम लागतो का? "वय झालं, लागायचाच." छातीत दुखते का? "छातीत नाही. पण भाजीची पिशवी घेऊन भराभर चाललं की जबडा अवघडल्यासारखा होतो. थांबलं की बरं वाटतं. दाढ असेल. दातांच्या डॉक्टरांकडे जायचंय, पण यांना सोडून निघणं होत नाही."

चालताना येणारे आणि थांबताच जाणारे जबड्याचे दुखणे दाढेचे नसते. ईसीजी काढला, त्यातही खटकण्यासारखे बदल होते. सही न करताच मी त्यांना त्याच आठवड्यात हृदयविकारतज्ज्ञांकडे पाठवले. अँजिओग्राफीत एका मुख्य धमनीत मोठा अडथळा निघाला. स्टेंट बसला. जानेवारीत अकरा जणी इजिप्तला गेल्या. बाराव्या काकू घरी राहिल्या.

साडेतीन हजार वर्षांपूर्वीची एक धमनी

इजिप्तचा आणि हृदयविकाराचा संबंध मला त्या निमित्ताने पुन्हा आठवला. कैरोच्या वस्तुसंग्रहालयातील ममींचे सीटी स्कॅन करून डॉक्टरांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने २००९ पासून काही अभ्यास प्रसिद्ध केले. अहमोस-मेरित-आमून या राजकन्येची ममी त्यांत होती. इसवी सनापूर्वी सोळाव्या शतकातील ही स्त्री चाळिशीत वारली असावी. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या तीन प्रमुख धमन्यांपैकी दोन धमन्यांत तिला काठिण्य आढळले. तंबाखू नव्हती, मोटारी नव्हत्या, वनस्पती तूप नव्हते. तरीही विकार होता.

हृदयविकार हा पुरुषांचा आजार, अशी आपल्याकडील समजूत किती जुनी आहे ठाऊक नाही. पण ती चुकीची आहे, याचा पुरावा निदान साडेतीन हजार वर्षे जुना आहे. स्त्रियांमध्ये छातीतील कळ हेही प्रमुख लक्षण असतेच. परंतु तिच्यासोबत किंवा तिच्याऐवजी जबडा, मान, पाठ किंवा पोटाचा वरचा भाग दुखणे, विनाकारण थकवा, मळमळ, धाप अशी लक्षणे त्यांच्यात अधिक वेळा दिसतात. ही लक्षणे स्वयंपाकघरात सहज लपतात. थकवा कामाचा ठरतो, पाठ वाकून काम केल्याची ठरते आणि पोटातील जळजळ रात्रीच्या शिळ्या भाजीवर ढकलली जाते.

इजिप्तमधील राजकन्येचे स्कॅन तिच्या मृत्यूनंतर साडेतीन हजार वर्षांनी झाले. माझ्या दवाखान्यापासून पाच मिनिटांवर राहणाऱ्या बाईंचा साधा ईसीजी मात्र सहलीचा कागद समोर येईपर्यंत झाला नव्हता. ही तुलना मला अजूनही बोचते.

"नवरा अंथरुणाला आणि ही निघाली"

स्टेंटनंतर काकूंनी इजिप्तचे नाव काढले नाही. फेब्रुवारीत मीच विषय काढला. औषधे नीट घेतली, साखर आटोक्यात आली, चालण्याची ताकद वाढली, तर पुढच्या हिवाळ्यात जाता येईल, असे सांगितले. त्या गप्प राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "नातेवाईक काय म्हणतील? नवरा अंथरुणाला आणि ही निघाली परदेशात."

हे वाक्य मी अनेक घरांतून ऐकले आहे. कधी इजिप्तऐवजी पंढरपूर असते, कधी पुण्याच्या नातीचे बारसे. आजारी माणसाला सांभाळणारी व्यक्ती वर्षानुवर्षे उंबरठा ओलांडत नाही आणि घरातील सारे तिच्या त्यागाचे कौतुक करतात. त्या कौतुकात तिची विश्रांती, तिची तपासणी आणि तिची झोप वाहून जाते. ती कोसळली की मग घरात एकाऐवजी दोन रुग्ण होतात.

काकूंच्या घरी मी एका रविवारी गेलो. मुलगा पुण्याहून आला होता. काकांसमोरच मी विषय मांडला. काकांना बोलायला वेळ लागतो. त्यांनी डावा हात वर केला, बायकोकडे पाहिले आणि बऱ्याच प्रयत्नाने एकच शब्द उच्चारला, "जा."

त्यानंतर सहा महिने आम्ही ज्या रीतीने तयारी केली, ती सांभाळणाऱ्या सर्वांना उपयोगी पडावी म्हणून सांगतो. पहिली गोष्ट म्हणजे लेखी वेळापत्रक. काकूंच्या डोक्यात असलेले सारे त्यांनी एका वहीत उतरवले: औषधांच्या वेळा, दर दोन तासांनी कुशीवर वळवणे, घास भरवताना पाठ सरळ ठेवणे आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे न करणे, लघवीचा रंग, शौचाची वेळ, कोणत्या लक्षणाला कोणाला फोन करायचा. दुसरी गोष्ट रंगीत तालीम. आधी एक दिवस, मग दोन दिवस, मग चार दिवस मुलाने आणि दिवसपाळीच्या आयाने काकांना सांभाळले. काकू त्या काळात वर्ध्याला बहिणीकडे होत्या. पहिल्या तालमीत दोन चुका झाल्या, त्या वहीत लिहिल्या गेल्या. तिसऱ्या तालमीत एकही झाली नाही. तिसरी गोष्ट मात्र कठीण होती: घरी दिवसातून एकदाच, ठरल्या वेळी फोन करायचा. दर तासाला फोन करणारी बाई शरीराने नाईलवर आणि मनाने नंदनवनातच राहते.

चालण्याचा सराव

इजिप्तची सहल म्हणजे बसमधून काच वर करून पाहण्याची सहल नव्हे. वाळू, दगडी पायऱ्या, उतार आणि भरपूर चालणे असते. काकूंनी हृदयविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याने सकाळी बागेत दहा मिनिटांपासून सुरुवात केली आणि दिवाळीपर्यंत पंचेचाळीस मिनिटांपर्यंत मजल मारली. जोडीला खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठण्या-बसण्याचा व्यायाम. सहलीचे बूट दोन महिने आधी घेऊन ते पायांत रुळवले. मधुमेह असलेल्या पायाला नवा बूट परदेशात पहिल्यांदा घालणे हा धोका आहे.

काय करायचे नाही, हेही आधीच ठरले. गिझाच्या मोठ्या पिरॅमिडमध्ये आत जाण्याचे तिकीट मिळते. आतील चढती वाट जेमतेम सव्वा मीटर उंचीची, म्हणजे दुमडून चढायची. पुढे उंच दालन येते, पण चढ तसाच सुमारे २६ अंशांचा. हवा कोंदट, आणि मध्येच माघार घ्यावीशी वाटली तर मागून माणसे येत असतात. हृदय, गुडघे, कंबर किंवा बंद जागेची भीती यांपैकी काहीही असेल त्यांनी हे आतले दर्शन सोडावे. बाहेरून पिरॅमिड तितकाच भव्य दिसतो. उंट उठताना आणि बसताना जोराचा हिसका देतो, आणि लक्झरचा गरम हवेचा फुगा उतरताना आदळू शकतो. हाडे ठिसूळ झालेल्यांनी दोन्हींना दुरूनच नमस्कार करावा.

औषधांच्या पिशवीतील एक गोळी

काकूंच्या सोबतीला या वेळी त्यांच्या योगवर्गातील एक मैत्रीण होती. वय एकाहत्तर, दोन वर्षांपूर्वी गुडघ्याचे प्रत्यारोपण झालेले. निघण्याच्या तीन आठवडे आधी दोघींना मी सांगितले, सोबत नेणार ती प्रत्येक गोळी टेबलावर मांडा. मैत्रिणीच्या पिशवीतून गुडघेदुखीसाठी लिहून दिलेल्या जुन्या गोळ्यांच्या दोन पट्ट्या निघाल्या. त्यांत ट्रामाडोल होते.

हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. आपल्याकडे पॅरासिटामॉलबरोबर एकत्र केलेली ही वेदनाशामक गोळी अनेक ज्येष्ठांच्या घरी सापडते. इजिप्तमध्ये मात्र ते कठोर नियंत्रणाखालील औषध आहे. २०१७ साली तेथे सुटीसाठी गेलेल्या एका ब्रिटिश महिलेच्या सामानात अशा २९० गोळ्या सापडल्या; ओळखीच्या माणसाच्या पाठदुखीसाठी आणल्याचे तिने सांगितले, तरी तिला तीन वर्षांच्या कैदेची शिक्षा झाली. कोडीन असलेली खोकल्याची औषधे आणि झोपेच्या वा चिंतेच्या काही गोळ्या यांबाबतही अनेक देशांचे नियम कडक आहेत. वाटेत ज्या आखाती देशात विमान बदलायचे, त्याचेही नियम पाहावेत. मैत्रिणीच्या गोळ्या आम्ही बदलल्या.

बाकीचे नियम साधे आहेत. नेहमीची औषधे मूळ पट्ट्यांमध्येच न्यावीत. आठवड्याच्या खणांच्या डब्यात सुट्या करून नेऊ नयेत. औषधांची रासायनिक नावे लिहिलेली इंग्रजी चिठ्ठी सोबत असावी. सहलीच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त पुरतील इतकी औषधे घ्यावीत आणि ती दोन पिशव्यांत विभागावीत. त्यांतील एक कायम हाताशी. इन्सुलिन कधीही विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात ठेवू नये, तेथे ते गोठून निकामी होऊ शकते. स्टेंट बसलेल्यांनी त्याचे कार्ड, डिस्चार्जचा कागद आणि शेवटच्या ईसीजीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या प्रवासाच्या धांदलीत एकही दिवस चुकता कामा नयेत. प्रवासविमा घेताना जुने आजार लपवू नयेत. लपवलेला आजार हप्त्याचे थोडे पैसे वाचवतो आणि दाव्याच्या वेळी सारे घालवतो.

इजिप्तचे घड्याळ आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेतीन तास मागे असते. पश्चिमेकडे जाताना तो दिवस तेवढा लांबतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी त्या एका दिवसाचे वेळापत्रक आपल्या डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावे. मुंबईहून कैरो साधारण सहा तासांचे उड्डाण आहे. चार तासांहून अधिक वेळ बसून राहिल्यास पायाच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका वाढतो. तासातासाने उठावे, बसल्या बसल्या घोटे फिरवावेत, पाणी प्यावे.

लस, पाणी आणि अंबाडीची ओळख

इजिप्तमध्ये मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या घ्याव्या लागत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये तो देश मलेरियामुक्त जाहीर केला. पिवळ्या तापाच्या लसीचा प्रश्न मार्गावर अवलंबून असतो. थेट किंवा आखाती देशांमार्गे जाणाऱ्यांना तिची गरज नाही. परंतु स्वस्त तिकिटासाठी इथिओपिया किंवा केनियामार्गे प्रवास ठरवला, तर परतताना त्या लसीचा दाखला मागितला जाऊ शकतो; आणि साठी ओलांडलेल्यांमध्ये या लसीच्या गंभीर दुष्परिणामांचा धोका तुलनेने अधिक असतो. म्हणून तिकीट काढण्यापूर्वीच मार्ग पाहावा. फ्लूची लस आणि पासष्टीनंतर न्यूमोनियाची लस या तर घरी राहणाऱ्यांनीही विचारात घ्याव्यात. नाईलच्या किंवा तिच्या कालव्यांच्या पाण्यात पाय सोडून बसण्याचा मोह मात्र टाळावा. सिस्टोसोमा नावाचा कृमी अशा गोड्या पाण्यातून त्वचेवाटे शरीरात शिरतो. थिओडोर बिल्हार्झ या जर्मन डॉक्टरांना तो १८५१ साली कैरोतच सापडला होता.

स्त्रियांच्या बाबतीत मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती पाण्याची. वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही या धास्तीने बायका पाणीच पीत नाहीत. मग लघवीचा संसर्ग, चक्कर आणि कोरड्या हवेत रक्तदाब उतरणे आलेच. आस्वानहून अबू सिंबेलला जायचे तर पहाटे चारच्या सुमारास निघून वाळवंटातून तीन-साडेतीन तास प्रवास करावा लागतो. येथे केवळ स्त्रियांच्या लहान गटाचा खरा फायदा होतो. बारा जणींत एकीला गाडी थांबवायची असली तर संकोच नसतो. लघवीवर ताबा न राहणे हा विषयही मोकळेपणाने निघतो. पर्समध्ये कागदी रुमाल आणि सुटे पैसे ठेवावेत, कारण तेथील स्वच्छतागृहांत सेवकाला थोडे पैसे देण्याचा रिवाज आहे. मधुमेह असलेल्यांनी अशा पहाटेच्या प्रवासात न्याहारीचा डबा आणि साखरेच्या गोळ्या मांडीवर ठेवाव्यात, डिकीत नव्हे.

खाण्याची अडचण शाकाहारी मराठी माणसाला तेथे फारशी येत नाही. तांदूळ, मसूर, मॅकरोनी आणि हरभरे एकत्र करून वर तळलेला कांदा घातलेली कोशरी ही आपल्या खिचडीची लांबची बहीणच. बाकल्याच्या दाण्यांचे 'फूल' आणि त्याच दाण्यांचे तळलेले वडे सर्वत्र मिळतात. मात्र ज्यांच्यात जी-सिक्स-पीडी या द्रव्याची जन्मजात कमतरता आहे, त्यांनी बाकला पूर्ण वर्ज्य करावा. त्याने रक्तपेशी फुटून कावीळ होऊ शकते. आपल्या विदर्भात सिकलसेलचे रुग्णही आहेत. सोबत जाणाऱ्या लेकी-सुनांपैकी कोणाला तो विकार असेल, तर शरीरातील पाणी कमी होणे आणि थकवा यांपासून तिला विशेष जपावे. कच्ची सॅलड, बर्फ आणि नळाचे पाणी टाळावे. जुलाब झालेच तर आधी ओआरएस. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि मधुमेहाच्या काही गोळ्या जुलाब-उलट्यांच्या काळात थांबवाव्या लागतात. त्या कोणत्या, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्यावे. तेथील रुग्णवाहिकेचा क्रमांक १२३ आहे.

आणि तेथे पाहुण्यांना 'करकदे' नावाचे लालभडक सरबत किंवा चहा देतात. तो लाल अंबाडीच्या बोंडांचा असतो. अंबाडीची आंबट भाजी खाऊन वाढलेल्या वैदर्भीय जिभेला ती चव परकी वाटत नाही. त्याने रक्तदाब किंचित उतरतो, म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी एखादा पेला चाखावा, घागर रिकामी करू नये.

खोलीतील जोडीदारीण

निघण्यापूर्वी दोघींना मी एक काम दिले होते. काकूंनी मैत्रिणीच्या औषधांची यादी पाठ करायची आणि मैत्रिणीने काकूंची. कोणती गोळी कधी, जिभेखाली ठेवायची गोळी कोणत्या कप्प्यात, साखर उतरली की समोरची व्यक्ती कशी वागते, कोणत्या लक्षणाला वाट न पाहता मदत मागायची. घराबाहेर खोलीतील जोडीदारीण हीच आपली शुश्रूषक असते. काकूंना यादी पाठ करणे सोपे गेले. आयुष्यभर त्यांनी तेच केले होते. अवघड गेले ते दुसरे. आपल्या गोळ्या कोणी मोजाव्यात, आपल्याला कोणी "घेतलीस का?" म्हणून विचारावे, याची त्यांना सवयच नव्हती.

गेल्या नोव्हेंबरात त्या गेल्या. गिझाचे भव्य नवे वस्तुसंग्रहालय १ नोव्हेंबर २०२५ रोजी उद्घाटन होऊन नुकतेच खुले झाले होते. तेथील तूतनखामेनच्या खजिन्याविषयी काकूंनी परतल्यावर जे सांगितले, ते सोन्याच्या मुखवट्याविषयी नव्हते. त्यांच्या मैत्रिणीला काठी वापरण्याची लाज वाटे. विमानतळावर ती काठी तिने पिशवीत दडवली होती. तूतनखामेनच्या थडग्यात १९२२ साली सापडलेल्या हजारो वस्तूंमध्ये सुमारे १३० काठ्या होत्या. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याच्या डाव्या पायाच्या हाडांत दोष असल्याची नोंद झाली. काही काठ्या केवळ मानाच्या नसून चालण्यासाठीच्या असाव्यात, असे त्या अभ्यासकांचे मत आहे. हा राजा एकोणिसाव्या वर्षाच्या सुमारास वारला. मार्गदर्शकाचे हे बोलणे ऐकून मैत्रिणीने तेथेच काठी बाहेर काढली आणि उरलेले सर्व दिवस ती टेकत चालली. माझ्या दवाखान्यात वर्षभर समजावून जे साधले नव्हते, ते एका फॅरोने साधले.

कोम ओम्बोच्या देवळात रोमन काळातील एक शिल्पपट आहे. त्यावर कोरलेल्या आकृती शस्त्रक्रियेची उपकरणे असल्याचे मानले जाते: सुऱ्या, चिमटे, तराजू, आणि शेजारी प्रसूतीच्या आसनावर बसलेल्या दोन स्त्रिया. काकूंनी त्याचा फोटो खास माझ्यासाठी काढून आणला होता. मोठ्या पिरॅमिडच्या आत त्या गेल्या नाहीत. इतर जणी आत असताना दोघी बाहेर दगडावर बसून राहिल्या. "तिथे बसून मी नुसती पाहत होते, डॉक्टरसाहेब," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षांत इतका वेळ कोणी मला हाक मारली नव्हती."

परतीच्या दुसऱ्या दिवसापासून त्या पुन्हा काकांजवळ आहेत. मुलाने मात्र वेळापत्रकाची ती वही बंद केलेली नाही. दर तीन महिन्यांनी चार दिवस तो येतो आणि काकू वर्ध्याला जातात. दर महिन्याला त्या दवाखान्यात येतात तेव्हा कंपाउंडर आता न सांगता दोन फायली काढून ठेवतो.

वाचकांना एकच विनंती आहे. ज्यांच्या घरी आजारी वडीलधारे आहेत, त्यांनी या आठवड्यात रुग्णाचा नव्हे, तर रुग्णाला गोळ्या देणाऱ्या व्यक्तीचा रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. ती पत्नी असेल, सून असेल, लेक असेल किंवा मुलगा असेल. तिला जिना चढताना दम लागतो का, जबडा किंवा पाठ दुखते का, रात्री सलग झोप मिळते का, हे तीन प्रश्न विचारावेत. "मला काही होत नाही" हे उत्तर ग्राह्य धरू नये. मी ते अकरा वर्षे ग्राह्य धरले होते.